आमेन कोणी म्हणायचं?

स्कोगन, आयोवा
डिसेंबरचा पहिला सोमवार

ती. बोर्घिल्डताईंना आर्डिसचा नमस्कार, आणि ऑर्लिनचाही. (त्याने सांगितलेला नाही. पण तो सांगेल म्हणून वाट बघत बसले तर हे पत्र ईस्टरलाच निघायचं.)

तुमचे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या उन्हात आतापर्यंत चांगले शेकून निघाले असतील. इथे थंडीने कहर केला आहे, विहिरीचा पंप दोनदा गोठला, आणि तुमच्या लाडक्या मांजरीने माझ्या नव्या गालिच्यावर पिल्लं घातली. बाकी आम्ही दोघं बरी आहोत. माझा रक्तदाब मध्यंतरी बरा होता, पण आता पुन्हा चढलाय. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. मला विचाराल तर निवडणूक कमी केली तर जास्त फरक पडेल.

त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मी तुटक बोलले, त्याचा राग मानू नका. तुम्ही टीव्हीवर आपल्या चर्चचं तळघर पाहिलंत. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गव्हर्नर मेंडनहॉल मान खाली घालून मुके उभे आहेत, प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून फुटत नाही, आणि शेवटी दारात बटाट्याचं पातेलं घेऊन उभा असलेला एक म्हातारा शेतकरी खणखणीत आवाजात आमेन म्हणतो. तो म्हातारा आपला ऑर्लिन, हे पाहून तुम्हाला भरून आलं. "शाबास, माझ्या भावाने त्या नास्तिकाची बरी जिरवली," असं तुम्ही मला म्हणालात, आणि तुमच्या पत्त्यांच्या क्लबातल्या सगळ्या बायकांनाही सांगून मोकळ्या झालात. ताई, तुमच्या भावाने कोणाचीही जिरवलेली नाही. काय झालं ते मी फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? पत्रात निदान मधे तोंड घालायची सोय नाही.

आता आधी एक कडू गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. रॉल्फ गेल्यापासून तुमचा भाऊ चर्चच्या वरच्या मजल्यावर चढलेला नाही. तुम्ही सगळ्यांना त्याचे गुडघे दुखतात म्हणून सांगता. गुडघे तुमचे दुखतात, ताई. आमचा एकुलता एक मुलगा धान्याच्या कोठीत उतरला, पायाखालचा मका सरकला आणि तो वर आलाच नाही. त्यानंतर ऑर्लिनला जो भेटला त्याने समजावलं. पाद्रीबुवांनी समजावलं, चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष ड्वेन स्कार यांनी शेतात येऊन समजावलं, दुकानातल्या पोरीने सुटे पैसे देता देता समजावलं, की ही देवाची मर्जी, त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत. (तुमचं नाव मुद्दाम घेत नाही. ते पुढे येणार आहे.) त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, कोणाला उलटून बोलला नाही, आणि एका रविवारी गाडीतून उतरलाच नाही. पण तळघरात तो येतो. जेवणावळी असल्या की माझी जड पातेली उचलतो, पोतंभर बटाटे सोलतो. बटाटे काही समजावत नाहीत ना! फक्त प्रार्थनेची वेळ झाली की कोपऱ्यातल्या कोठीघरात जातो आणि ताटं वाजायला लागली की बाहेर येतो. मी आजवर त्यावर चकार शब्द काढला नाही. तळघर एवढंच आता उरलं आहे. ते सुद्धा सुटलं तर तो घरात बसून राहील आणि मी त्याला कुठून परत आणू, हीच माझी धास्ती. देशाचं राज्य कोण करतो हा प्रश्न मला त्याच्या मानाने फार लहान वाटतो, मेलं खरं सांगायचं तर.

तर आपलं लुटफिस्कचं वार्षिक जेवण. निवडणूक जवळ आली की उमेदवार या जेवणाला येतातच. सुक्या माशाला क्षारात भिजवून, फुगवून, उकळून, वर वितळलेलं लोणी ओतून जो माणूस हसतमुखाने खातो तो देशासाठी काहीही करू शकतो असा त्यांचा समज असावा. आणि पाहुणा आला की त्याला जेवणाआधीची प्रार्थना सांगायची, ही आपली रीत तुमच्या आजीच्या वेळेपासूनची. तो दुसरा उमेदवार, तो पांढऱ्या दातांचा, ऑक्टोबरात पॅनकेकच्या न्याहारीला येऊन गेला. त्याने अशी प्रार्थना केली म्हणता! सैनिक झाले, पाऊस झाला, सोयाबीन झालं, स्वतःची बायको झाली, तिची आई झाली, मग पुन्हा सैनिक. ड्वेनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पॅनकेक पार गार झाले, पण पॅनकेक गार झाले तरी पॅनकेकच राहतात. लुटफिस्कचं तसं नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. मिनिटभर जास्त उकळला की त्याची खळ होते. म्हणून तर आपल्या स्वयंपाकघराचा शिरस्ता, की पाहुणा प्रार्थनेला उभा राहिला की माशाच्या पिशव्या उकळत्या पाण्यात सोडायच्या आणि आमेन झालं की काढायच्या. मधे झारासुद्धा हलवायचा नाही, देव ऐकत असतो. आपली प्रार्थना आणि आपला मासा इतकी वर्षं बरोबरीने शिजत आले आहेत.

मेंडनहॉल हे क्वेकर पंथाचे. तुम्हीच मला बातमी पाठवली होतीत की त्या लोकांत पाद्री नसतो, बाप्तिस्मा नसतो, क्रूस नसतो, नुसते एका खोलीत गप्प बसतात. बातमी खरी आहे. तिच्याखाली जे लिहिलं होतं, की असा माणूस बायबल जाळेल, ते तुमच्या क्लबातल्या कोणीतरी जोडलेलं असावं. ड्वेनने तेवढ्यावरच मंडळाच्या बैठकीत मांडलं की प्रार्थना मेंडनहॉलांनीच सांगावी, कॅमेरे असतील तेव्हा. वर मानभावीपणे म्हणाला, रीत म्हणजे रीत, पंथ बघून बदलायची नाही. सगळ्यांना कळत होतं की हा सापळा आहे. पण आपल्या ल्युथरन पंथाचा माणूस सापळा दिसला तरी तोंडावर सापळा म्हणत नाही, 'अनुमोदन' म्हणतो. मी सुद्धा हात वर केला. मला वाटलं, पाच वाक्यं बोलता न येणारा माणूस गव्हर्नर कसा होईल?

मेंडनहॉल आले. उंच, वाकलेले, कोटाच्या बाह्या आखूड. आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावले, सगळ्या बायकांना नमस्कार केला आणि वासाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. (एक तर माणूस फार सभ्य, नाही तर नाक गेलेलं.) मग बाहेर सगळे बाकांवर बसले, भिंतीला टीव्हीवाले उभे राहिले, आणि पाद्रीबुवांनी जाहीर केलं की पाहुणे आपल्याला प्रार्थनेत पुढे नेतील. मेंडनहॉल उठले. मी पिशव्या सोडल्या. त्यांनी हात जोडले नाहीत, मान खाली घातली, डोळे मिटले. आपल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. आणि मग काहीच नाही.

ताई, सुरुवातीला मला वाटलं, शब्द गोळा करतायत. मग वाटलं, विसरले. मग लक्षात आलं की हीच त्यांची प्रार्थना आहे! त्यांच्यात अशीच करतात, गप्प राहून, ज्याचं त्याने. हे पाद्रीबुवांनाही माहीत असायला हवं होतं, पण त्यांचं सगळं शिक्षण बोलण्यात गेलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी एकटीच उघड्या डोळ्यांनी बघत होते (मासा पाण्यात असताना डोळे मिटणारी बाई मी नव्हे), म्हणून पुढचा घोटाळा फक्त मला दिसला. मेंडनहॉलांचं झालं. त्यांनी मान वर केली आणि शेजारच्या ड्वेनशी हात मिळवायला हात पुढे केला, कारण त्यांच्यात आमेनच्या जागी हात मिळवतात. पण ड्वेनचे डोळे मिटलेले! सगळ्या तळघराचे डोळे मिटलेले, सगळे आमेनची वाट बघतायत. मेंडनहॉलांनी ही भक्ती पाहिली. त्यांना वाटलं असणार, काय श्रद्धाळू गाव आहे, यांचं अजून चाललंय. आणि त्या सभ्य माणसाने, त्यांची प्रार्थना मोडू नये म्हणून, हात मागे घेतला आणि पुन्हा मान खाली घातली.

झालं. आता ते आमची वाट बघतायत आणि आम्ही त्यांची. इकडे पातेल्यात पिशव्या गदगदायला लागल्या. माझ्या घशाशी आमेन आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी देशभर झालं असतं की याला प्रार्थना येईना, स्वयंपाकीणबाईला संपवावी लागली. ड्वेनच्या तोंडावर बारीकसं हसू होतं. डोळे मिटलेले असले तरी हसू लपत नाही. कोणीतरी खोकलं. कोणाचं तरी बाळ कुरकुरलं आणि त्याचं तोंड दाबलं गेलं. टीव्हीवाल्याने कॅमेरा हळूच मेंडनहॉलांच्या ओठांवर नेला. एका माणसाचं नशीब तिथे उकळत होतं, आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही. तेवढ्यात मी वळून पाहिलं, तर ऑर्लिन कोठीघरात नव्हता. बटाट्याचं पातेलं कवटाळून तो सगळ्यांसमोर, दारात उभा होता, आणि त्याची मान खाली होती.

तुम्हाला त्याची पाठ माहीत आहे, ताई. रॉल्फ गेल्यापासून ती कशी ताठ झाली होती, हात लावायची सोय नाही अशी. ती पाठ सैल पडली होती. मी मासा विसरले. (हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.) किती वेळ गेला मला ठाऊक नाही, पण शेवटी त्याने मान वर केली आणि म्हटलं, "आमेन."

सगळ्या तळघराने सुटकेचा श्वास टाकत आमेन म्हटलं आणि काटे-चमचे वाजायला लागले. माशाची खळ झाली होती. मी तो तसाच वाढला, वर दुप्पट लोणी ओतलं, लेफ्सेच्या पोळ्या भरपूर लावल्या, आणि कोणी एक शब्द बोललं नाही, कारण नॉर्वेच्या रक्ताच्या माणसाला फसलेला लुटफिस्क आणि जमलेला लुटफिस्क यांतला फरक तोंडावर दाखवता येत नाही. जेवणानंतर मेंडनहॉल स्वयंपाकघरात आले, माझ्यामुळे तुमचा मासा बिघडला म्हणाले, आणि फडकं घेऊन ऑर्लिनशेजारी ताटं पुसायला उभे राहिले. मी कान टवकारून होते. दोघं सबंध ढीग पुसून होईस्तोवर एकमेकांशी एक अवाक्षर बोलले नाहीत. शेवटी हात मिळवला, तेवढंच.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. त्यात माझं स्वयंपाकघर नाही, मेंडनहॉलांचा पुढे आलेला हात नाही. तेवढे मिटलेले ओठ आणि ऑर्लिनचं आमेन. चर्चा करणारे बसले. एक म्हणाला, ज्याला देवाशी बोलता येत नाही तो देशाशी काय बोलणार? दुसरा म्हणाला, उमेदवाराचा धर्म काढूच नये, आणि मग अर्धा तास त्यांनी तोच काढला. गावातही तेच. जी माणसं तीस वर्षं एका बाकावर बसली त्यांच्यात बोलणं बंद झालं. आणि दोन्हीकडचे लोक, एक जिरवली म्हणून आणि दुसरे सावरून घेतलं म्हणून, ऑर्लिनची पाठ थोपटायला आमच्या अंगणात यायला लागले. तो गोठ्यात जाऊन बसायला लागला. बुधवारी चर्चच्या न्याहारीला बटाटे सोलायला येतोस ना, म्हणून मी विचारलं, तर नाही म्हणाला. ज्याची धास्ती होती तेच होत होतं.

अशातच शनिवारी ड्वेन त्या पांढऱ्या दातांच्या उमेदवाराची माणसं घेऊन घरी आला. त्यांना जाहिरात करायची होती. ऑर्लिनने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, मागे खिडकीतून धान्याची कोठी दिसेल अशी खुर्ची ठेवायची (मी म्हटलं, ती कोठी नको. त्यांना वाटलं, बाईला रंग उडाल्याची लाज वाटते), आणि एकच वाक्य बोलायचं, की त्या माणसाला प्रार्थना करता येत नव्हती म्हणून मी पूर्ण केली. मी हाकलूनच देणार होते. लाटणं हातात होतंच. पण ऑर्लिन आतून आला, हात धुतले, आणि मुकाट खुर्चीवर जाऊन बसला. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता त्यांचंही ऐकून घेणार, जसं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

दिवे लागले. कॅमेरा सुरू झाला. त्यांच्यातल्या एका मुलीने हाताने खूण केली, बोला. ऑर्लिनने टेबलावर हात ठेवले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

त्या मुलीने बिचारीने घाईघाईने टोपी काढली. दिवेवाल्याने मान झुकवली. कॅमेरावाल्यानेही झुकवली. ड्वेन चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष, तो काय करणार? त्यालाही झुकवावीच लागली. आणि मग ताई, माझ्या स्वयंपाकघरात अशी शांतता पसरली की ओव्हनमधली बिस्किटं फुगताना ऐकू यावीत. मी पुन्हा एकटीच उघड्या डोळ्यांची. ड्वेनची चुळबुळ चालली होती. त्याने आमेन म्हणावं, तर ऑर्लिनची प्रार्थना त्याने पूर्ण केली असं होणार, आणि तेही कॅमेऱ्यात! आणि न म्हणावं, तर उभं राहावं. एकदा त्याने एक डोळा उघडला. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याने मिटला. शेवटी ऑर्लिनचं झालं, तेव्हा त्याने मान वर केली, उठला, ड्वेनचा हात हातात घेऊन नीट हलवला, आणि गाईंकडे निघून गेला. ती माणसं सामान गुंडाळून गेली. मुलीने जाताना मला हळूच विचारलं की दुसऱ्यांदा घेता येईल का. मी तिला बिस्किटं दिली.

तेव्हा तुमच्या पत्त्यांच्या क्लबात माझ्यातर्फे सांगा, की ऑर्लिनने कोणाची जिरवली नाही. तब्येत जपा, गुडघ्यांना तेल लावा.

तुमची भावजय,
आर्डिस

ता. क. हे सगळं वाचून मी मेंडनहॉलांची भक्त झाले असं समजू नका. मत मी त्यांना देणार नाही. मक्यापासून होणाऱ्या इंधनाबद्दल त्यांचे विचार वाचलेत का? आम्हाला भिकेला लावतील. जानेवारीत पक्षाच्या मतदानाला शाळेच्या व्यायामशाळेत जो तो आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभा राहून डोकी मोजून घेईल तेव्हा मी तिसऱ्याच कोपऱ्यात असेन, त्या मिनेसोटाच्या बाईच्या. तिचा धर्म कोणता ते मला ठाऊक नाही. मक्याचं तिला कळतं. ऑर्लिन कोणत्या कोपऱ्यात जाईल हे मी विचारलं नाही, पण त्याने रविवारचा कोट बाहेर काढून झटकून ठेवलाय. (तीन वर्षं तो कोट पेटीत होता.)

आणखी एक ता. क. खरं तर हे सांगायलाच पत्र लिहायला बसले होते. शनिवारी ती माणसं गेल्यावर मी गोठ्यात गेले आणि तुमच्या भावाला सरळ विचारलं, की त्या दिवशी आमेन का म्हणालास? मेंडनहॉलांची दया आली म्हणून, की माझा मासा वाचवायला? त्याने गाईची धार संपवून बादली बाजूला ठेवली. मग म्हणाला, "माझं सांगून झालं होतं." सबंध देश भांडतोय की ऑर्लिनने कोणाची प्रार्थना पूर्ण केली. ती त्याची स्वतःची होती, ताई. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी मधे बोललं नाही, तेव्हा त्याला जागा मिळाली.

आता विनंती. नाताळच्या जेवणाला तुम्ही येणार, आणि दर वर्षीप्रमाणे प्रार्थना तुम्हीच सांगणार, हे मी गृहीत धरलं होतं. तुम्ही दर वर्षी रॉल्फचं नाव घेता, देवाची मर्जी म्हणता आणि रडता. तुमची माया त्याच्यावर किती होती हे मला माहीत आहे. तुमच्याच मांडीवर वाढला तो. पण या वर्षी सांगू नका. या वर्षी प्रार्थना ऑर्लिन करणार आहे, म्हणजे कोणी काही बोलणार नाही. तुमची खुर्ची मी त्याच्या उजव्या हाताशी मांडली आहे. मान खाली घाला, मनात जे असेल ते रॉल्फला सांगा, आणि ऑर्लिनचा हात तुमच्या हाताला लागेपर्यंत थांबा. वेळ लागेल. जेवणात मी मासा ठेवलेला नाही.